जुनी कॅनेडियन हॉकी कार्डं जमवायची आहेत? पहिलं कार्ड दुमडलेलंच घ्या

कॅनडात येऊन दोन हिवाळे झाले की मुलं टिम हॉर्टन्समध्ये कॉफीसोबत मिळणारी, हॉकी खेळाडूंच्या फोटोंच्या कार्डांची पाकिटं मागायला लागतात. २०१५ पासून दर हंगामात ही पाकिटं निघतात. आमच्याकडेही असंच झालं. मुलाने पंधरवड्यात डबा भरला, महिन्याभरात कंटाळला, आणि तो डबा माझ्याकडे आला. लहानपणी बिग फनच्या बबलगममधले क्रिकेटवाले फोटो जमवलेल्या माणसाला असा डबा टाकून देणं काही जमत नाही. मी टेबलावर कार्डं लावत बसलो, आणि तिथून मागे मागे जात १९७१ पर्यंत पोचलो.

आता ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतं, जुनी कार्डं घ्यायची तर सुरुवात कुठून करायची? त्यांच्यासाठी हा लेख. ‘हॉकी’ म्हणजे इथे बर्फावरचीच. आणि गुंतवणूक म्हणून कार्डं घ्यायची असतील तर माझा काही उपयोग नाही. मी दुमडलेली, मळलेली, पोरांनी खेळून घासलेली कार्डं घेतो आणि नवख्यालाही तेच सांगतो.

आधी कुंपण घाला

पहिली चूक सगळ्यांची एकच. जे स्वस्त दिसेल ते उचलायचं. सहा महिन्यांनी घरात तीन खोकी होतात आणि त्यातलं एकही कार्ड दुसऱ्याशी बोलत नाही. म्हणून पैसे काढण्याआधी एक हद्द ठरवा. एक संघ, एक खेळाडू, एक संच किंवा एक घटना.

घटनेचं उदाहरण देतो. १९७२ साली कॅनडा आणि सोव्हिएत संघात आठ सामन्यांची मालिका झाली. २८ सप्टेंबरला मॉस्कोत शेवटच्या सामन्यात पॉल हेंडरसनने अखेरच्या मिनिटात गोल केला आणि अख्ख्या देशाने सुस्कारा टाकला. त्या सामन्यातली हेंडरसनची जर्सी २०१० मध्ये दहा लाख डॉलरांच्या वर गेली. पण त्याच हेंडरसनची सत्तरच्या दशकातली साधी कार्डं एका जेवणाच्या खर्चात बसतात. त्या मालिकेत खेळलेल्या कॅनेडियन खेळाडूंचं त्या काळातलं प्रत्येकी एक कार्ड, एवढी हद्द घातली तरी दोन-तीन वर्षं छान जातात आणि या देशाचा इतिहासही आपोआप कळतो.

कुठल्या काळाचं काय

सगळं पाठ करायची गरज नाही, ढोबळ कप्पे डोक्यात असले की पुरे.

सगळ्यात जुनी कार्डं सिगारेटच्या पाकिटांतली, १९१० ते १९१३ च्या सुमाराची. यादीत त्यांना सी-५५, सी-५६, सी-५७ असं म्हणतात. ही नावं जेफरसन बर्डिक नावाच्या अमेरिकन संग्राहकाच्या सूचीतली आहेत. कॅनडाच्या तंबाखूच्या कार्डांना ‘सी’ आणि गोळ्या-च्युइंगमच्या कार्डांना ‘व्ही’. त्यामुळे ‘व्ही’ दिसलं की बहुतेक १९२० किंवा १९३० च्या दशकातला माल समजायचा. १९२३-२४ च्या पॅटर्सन कंपनीच्या संचात चाळीस कार्डं होती. पूर्ण संच आणणाऱ्याला बक्षीस होतं आणि पंचविसाव्या क्रमांकाचं बर्ट कॉर्बोचं कार्ड मुद्दाम नावापुरतंच छापलं होतं. पोरं गोळ्या खात राहिली. कंपन्यांची ही युक्ती शंभर वर्षांत फारशी बदललेली नाही.

युद्धाच्या काळात छपाई थांबली. मग १९५१-५२ मध्ये टोरांटोच्या पार्कहर्स्ट कंपनीने १०५ कार्डांचा संच काढला. कार्ड लहानसं, पावणेदोन इंच बाय अडीच इंच, आणि मागची बाजू कोरी. गॉर्डी हाव आणि मोरीस रिशार या दोन दिग्गजांची पहिली कार्डं याच संचातली, त्यामुळे ती आपल्या आवाक्याबाहेर. या संचातली बरीच कार्डं कोपरे घासलेलीच मिळतात. पाकिटात भरण्याआधी ती सिमेंट कालवायच्या यंत्रात घालून मिसळली जात, अशी कथा जुने लोक सांगतात. कागदपत्रं कुणी दाखवत नाही, पण कोपरे पाहिले की कथेवर विश्वास ठेवावासा वाटतो.

या संचातलं ५२ क्रमांकाचं कार्ड मला सगळ्यात जवळचं. त्यावर बिल बारिल्कोचा गोल आहे. २१ एप्रिल १९५१ ला जादा वेळेत त्याने मॉन्ट्रियलवर गोल करून टोरांटोला हॉकीतला सर्वांत मानाचा स्टॅनली कप मिळवून दिला. ऑगस्टमध्ये तो मासेमारीला छोट्या विमानातून उत्तरेकडे गेला, आणि विमान बेपत्ता झालं. म्हणजे पोरांनी हे कार्ड हातात घेतलं तेव्हा तो माणूस हरवलेला होता. विमानाचे अवशेष सापडले ते थेट १९६२ मध्ये. त्याच वर्षी टोरांटोने पुन्हा कप जिंकला होता. या कार्डाची फाटकी प्रतसुद्धा मी अजून घेतलेली नाही. पण एका प्रदर्शनात काचेखाली पाहिलं तेव्हा बराच वेळ तिथून हललो नाही.

पन्नासच्या दशकात टॉप्स ही अमेरिकन कंपनी आली आणि १९६४ पर्यंत ती आणि पार्कहर्स्ट या दोघांचाच बाजार होता. बॉबी ऑरचं पहिलं कार्ड १९६६-६७ च्या टॉप्स संचातलं, ज्यात खेळाडू लाकडी टीव्हीच्या पडद्यात बसवलेला दिसतो. १९६८ पासून ओ-पी-ची हे नाव ठळक झालं. ही ऑन्टारिओतल्या लंडन गावची, १९११ साली मॅकडर्मिड बंधूंनी काढलेली च्युइंगमची कंपनी. नवख्याचं घर म्हणजे हाच काळ, १९६८ ते साधारण १९८५. कार्डं भरपूर, खेळाडू ओळखीचे, आणि सामान्य खेळाडूची वापरलेली कार्डं एक-दोन डॉलरला.

१९९० नंतरचं काही ‘जुनं’ म्हणून विकत घेऊ नका. त्या वर्षी कंपन्यांनी इतकं छापलं की आजही लोकांच्या तळघरांत न उघडलेली खोकी पडून आहेत. फुकट मिळाली तर मुलांना खेळायला द्या.

ओ-पी-ची की टॉप्स?

सत्तर-ऐंशीच्या दशकांत एकच चित्र दोन्ही कंपन्यांच्या नावाने निघायचं. अमेरिकेत टॉप्स, कॅनडात ओ-पी-ची. समोरून पाहिलं तर जुळी भावंडं. म्हणून आधी कार्ड उलटा. मागे इंग्रजीसोबत फ्रेंच मजकूर असेल तर ते ओ-पी-ची. मग कडा बघा. ओ-पी-चीची कापणी खडबडीत असते. कडेला कागदाचे बारीक तंतू उभे राहिलेले दिसतात, जणू उंदराने कुरतडलंय. नवखा माणूस हे पाहून कार्ड खराब समजतो. खरं तर ओ-पी-चीचं कार्ड सुरीने कापल्यासारखं गुळगुळीत असेल तर शंका घ्यावी.

ओ-पी-चीचे संचही मोठे असायचे. १९७१-७२ चे गी लाफ्लर आणि मार्सेल डिऑन ओ-पी-चीत आहेत, टॉप्समध्ये नाहीतच. १९७९-८० चा संच ओ-पी-चीत ३९६ कार्डांचा, टॉप्समध्ये २६४ चा. दोन्हीकडे १८ क्रमांकाला हॉकीतला सर्वांत नावाजलेला वेन ग्रेट्झकी आहे, निळ्या चौकटीत. ओ-पी-चीच्या त्या कार्डाची एक निर्दोष प्रत २०२१ मध्ये साडेसदतीस लाख अमेरिकन डॉलरला गेली. २०२४ मध्ये सस्कॅचवनमधल्या एका घरात सापडलेलं त्याच संचाचं न उघडलेलं मोठं खोकं, आत सोळा डबे, सदतीस लाखांवर विकलं गेलं. आत ग्रेट्झकी किती, कुणालाच माहीत नाही. घेणाऱ्याने ते उघडलं तर गंमत गेली, नाही उघडलं तर काय जपलं हेच ठाऊक नाही. असो. आपला रस्ता वेगळा.

कार्ड हातात घेतल्यावर

इथे घाई करू नका, आणि जमेल तोवर प्लॅस्टिकमधून कार्ड पारखू नका. विकणाऱ्याला विचारायचं, “बाहेर काढून बघू का?” बरेचजण हो म्हणतात. नाही म्हणाला तर त्या टेबलावरून पुढे सरका.

हात कोरडे हवेत. अंगठा आणि मधलं बोट यांच्यात कार्ड कडांवर धरायचं, चेहऱ्याला बोट लागू द्यायचं नाही. आधी सरळ बघा: चारी बाजूंची किनार सारखी आहे का? चित्र एका अंगाला सरकलेलं असेल तर किंमत उतरते, पण कार्ड खोटं ठरत नाही. मग ते दिव्याखाली तिरकं करा, वर्तमानपत्रातला बारीक मजकूर वाचताना कागद कलतो तसं. सरळ पाहताना न दिसलेली घडी आता केसासारखी चमकते. कोपरे एकेक करून भिंगाखाली घ्या. दहापट मोठं दाखवणारं सोनाराचं भिंग पुरतं.

मागची बाजू विसरू नका. मेणकागदी पाकिटात सगळ्यात खाली असलेल्या कार्डाला मेणाचा डाग असतो, च्युइंगमला चिकटलेल्या कार्डावर गुलाबी-तपकिरी छाप. ज्या कार्डावर संचाची यादी छापलेली असते, त्यावर पोरं पेन्सिलीने खुणा करायची. त्यासाठीच ते कार्ड होतं. म्हणून खूण नसलेलं यादीचं कार्ड महाग, खुणा केलेलं स्वस्त. मी खुणा केलेलंच घेतो. कुणाला २१४ क्रमांक शेवटपर्यंत मिळाला नव्हता, हे त्यावरून कळतं.

माझं पहिलं कार्डही असंच. १९७१-७२ चं ओ-पी-ची, लंबगोल चौकट, मधोमध आडवी घडी, मागे पेन्सिलीने एका मुलाचं नाव आणि घराचा नंबर. दोन डॉलर. ते रविवारच्या बाजारात एका पांढऱ्या मिशीवाल्या आजोबांकडून घेतलं. मी घडीकडे बोट दाखवून भाव कमी करायला बघत होतो. त्यांनी कार्ड उचललं, घडीवरून नख फिरवलं आणि म्हणाले, “ही घडी खिशातली आहे. हे खिशात घालून कुणीतरी शाळेत गेलाय.” भाव कमी केला नाही. पण पुढचा अर्धा तास त्यांनी मला खोटं कार्ड कसं ओळखायचं ते शिकवलं.

ते असं. खऱ्या कार्डावर चित्र ठिपक्यांनी बनलेलं असतं, पण नावाची काळी अक्षरं सलग शाईची. भिंगाखाली अक्षराची कड स्वच्छ दिसते. खऱ्या कार्डाचा फोटो काढून पुन्हा छापलेलं असेल तर अक्षरंसुद्धा ठिपक्यांची होतात. दुसरं, जांभळ्या (अतिनील, यूव्ही) दिव्याखाली आजचा पांढरा कागद निळसर उजळतो, युद्धापूर्वीचा कागद मंद राहतो. तिसरं, मोजपट्टी. बहुतेक कार्डं अडीच बाय साडेतीन इंच. कोपरे टोकदार दिसावेत म्हणून कुणी कडा छाटल्या असतील तर ते मापात कळतं. अर्थात मूळ कापणीतही थोडा फरक असतो, म्हणून त्याच संचाचं एक स्वस्त कार्ड सोबत ठेवा आणि दोन्ही एकमेकांवर ठेवून बघा. दुमडलेलं कार्ड आधी घ्यावं ते याचसाठी. दोन डॉलरमध्ये घरी खरा कागद, खरी शाई, खरी कापणी येते, आणि पुढची सगळी कार्डं तुम्ही त्याच्याशी ताडून बघता.

मी फसलो ती गोष्ट

पार्कहर्स्टने १९५६-५७ मध्ये संच काढलाच नव्हता. हे मला ठाऊक नव्हतं. एका विक्रेत्याकडे ‘पार्कहर्स्ट ५६-५७’ असं लिहिलेली कार्डं दिसली, रंग झकास, कोपरे टोकदार. मी सहा उचलली आणि घरी येऊन बायकोला सांगितलं की सत्तर वर्षं जुना माल आहे. तिने हातात घेऊन विचारलं, “मग याला वास का नाही?”

तो संच १९९३ चा निघाला. मधली रिकामी जागा भरायची म्हणून जुन्या धाटणीत नंतर काढलेला. छान आहे, स्वतःच्या नावाने विकला तर त्यात फसवणूक काहीच नाही. पण त्या टेबलावर १९९३ हा आकडा कुणी उच्चारला नाही आणि मीही विचारला नाही. १९६४-६५ च्या उंच कार्डांच्या धर्तीवरही नव्वदीत असाच एक संच निघाला आहे. म्हणून कार्डाच्या मागची बारीक अक्षरं, म्हणजे हक्काच्या खुणेशेजारचं (©) साल, आधी वाचायचं. हंगामाचं साल आणि छपाईचं साल या दोन वेगळ्या गोष्टी.

कुठे घ्यायची आणि किती द्यायचे

टोरांटो परिसरात वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, मोठं प्रदर्शन भरतं. एकदा तरी जा, पण पहिल्या खेपेला खिशात पन्नास डॉलर रोख आणि यादी एवढंच न्या. क्रेडिट कार्ड घरी राहू द्या. लहान गावांतल्या हॉटेलांत आणि सामुदायिक सभागृहांत रविवारी भरणारे बाजार मला जास्त आवडतात. तिथे ‘एक डॉलरला एक’ अशी खोकी असतात आणि गुडघ्यावर बसून तासभर चाळली तरी कुणी हटकत नाही. दुपारी तीननंतर, आवराआवर सुरू झाली की भाव सैल होतात. दहा कार्डं एकत्र धरून “या सगळ्यांचे किती?” असं विचारायचं. एकेका कार्डावर घासाघीस केली की इथले लोक वैतागतात.

गॅरेज सेलमध्ये नशीब लागू शकतं. तिथे एक पथ्य मात्र पाळा. कुणी आजी नवऱ्याचा डबा पाच डॉलरला देत असेल आणि आत ऑर दिसला, तर तसं सांगा. मराठी माणसाला हे लिहून सांगायला नको, तरी लिहिलं.

ऑनलाइन घेताना ईबेवर मागितलेली किंमत पाहू नका. विकल्या गेलेल्या मालाची यादी उघडता येते, ती पाहा. मागणारा काहीही मागतो. किंमत अमेरिकन डॉलरमध्ये आहे की कॅनेडियन, टपालखर्च किती, सीमेवर कर लागेल का, हे तिन्ही मिळवल्यावर वीस डॉलरचं कार्ड चाळीसला पडतं. फोटो अंधुक असेल, मागची बाजू दाखवली नसेल, तर पुढे चला.

ठेवायची कशी

रबरबँड नको. सेलोटेप नको. साध्या प्लॅस्टिकच्या पिशव्या नकोत, जुन्या फोटो-अल्बमची चिकट पानं तर मुळीच नकोत. आधी कार्डांसाठीच मिळणारी मऊ पातळ पिशवी, मग गरज असेल तर कडक प्लॅस्टिकचं आवरण. स्वस्त कार्डांसाठी नऊ कप्प्यांची पानं, पण ‘पीव्हीसी नाही’ असं लिहिलेलीच घ्या. पीव्हीसी काही वर्षांत चिकट होऊन शाई ओढून घेतं.

आणि तळघरात ठेवू नका. हे मी हिवाळ्यापेक्षा एप्रिलच्या धास्तीने सांगतोय. बर्फ वितळला की कॅनडातल्या निम्म्या तळघरांत पाणी येतं, असं मला वाटतं. मधल्या मजल्यावरचं कपाट, बाहेरच्या भिंतीला न टेकलेलं, ऊन न येणारं. आपल्याकडे पावसाळ्यात लोकरीच्या कपड्यांना ठेवतो ती ओल शोषणारी पुडी चालते. डांबराच्या गोळ्या मात्र नकोत.

दर्जा ठरवून घ्यायचा का?

पीएसए, एसजीसी, बेकेट या कंपन्या आणि कॅनडातली केएसए कार्ड तपासून एक ते दहा गुण देतात आणि सीलबंद डबीत घालतात. दर कार्डामागे पैसे लागतात, वाट पाहावी लागते. दोन डॉलरच्या कार्डाला हा खर्च वेडेपणाचा. महागडं कार्ड विकत घेताना मात्र आधीच डबीत बंद असलेलं घ्या. डबीवरचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर जुळवून बघा, कारण डब्यासुद्धा खोट्या निघतात.

कार्डांपलीकडे

कार्डांनी कंटाळा आला तर बी-हाइव्हचे फोटो बघा. पोर्ट क्रेडिटच्या सेंट लॉरेन्स स्टार्च कंपनीचा मक्याचा पाक घ्यायचा, डब्याचा पुरावा टपालाने पाठवायचा, आणि कंपनी हवा तो खेळाडू फोटोत पाठवायची. १९३४ पासून १९६७ पर्यंत हे चाललं. फोटोवर लफ्फेदार अक्षरात छापलेलं नाव ही सही नव्हे. असा फोटो ‘सही केलेला’ म्हणून विकणारे भेटतात. साठच्या दशकातली शिरिफ आणि सलाडा या खाद्यपदार्थांच्या कंपन्यांची खेळाडूंची नाणी, प्लॅस्टिकची आणि पत्र्याची, हाही स्वस्तात करता येण्यासारखा छंद.

खऱ्या सह्या आणि खेळात वापरलेल्या जर्सी यांच्या वाटेला पहिल्या दोन वर्षांत जाऊ नका. कुठून आलं, कुणाच्या हातातून आलं, याची साखळी कागदावर नसेल तर ती वस्तू म्हणजे एक चांगली गोष्ट सांगणारा विक्रेता, एवढंच.

त्याऐवजी सामन्यांची तिकिटं आणि कार्यक्रमपत्रिका घ्या. माझ्याकडे मेपल लीफ गार्डन्सची एक पत्रिका आहे, कोपऱ्याला कॉफीचा गोल डाग पडलेली. ते मैदान १९३१ ला उघडलं, १९९९ पर्यंत टोरांटोचा मेपल लीफ्स संघ तिथे खेळला. आता खालच्या मजल्यावर किराण्याचं मोठं दुकान आहे आणि मैदानाचा मध्य होता तिथे जमिनीवर लाल ठिपका काढलाय. मी पत्रिका पिशवीत घालून तिथे गेलो, ठिपक्यावर उभा राहिलो, मागून ट्रॉलीवाल्या बाईंनी “सॉरी” म्हणत वाट मागितली.

शेवटचं काम, जे सगळे टाळतात: वही. कार्ड, साल, कुठून, कितीला, आणि ओळखायची खूण. माझ्या वहीत पहिल्या ओळीत आहे, ‘१९७१-७२ ओ-पी-ची, रविवारचा बाजार, २ डॉलर, आडवी घडी, मागे पेन्सिल.’ मुलाने परवा त्याखाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ घातली. टिमचं कार्ड, साल बरोबर, ‘कितीला’ या रकान्यात ‘बाबांची कॉफी’.